मामांचा वरचा दात

"तिला म्हनावं, जरा आत जा," मामा तोंडावर टॉवेल दाबून आत्याबाईंना म्हणाले.

ती म्हणजे मी. मी ओसरीवर त्यांच्यापासून चार हातांवर शेंगा फोडत बसले होते आणि मला सगळं नीट ऐकू येत होतं. पण आमच्या घरात सासरा सुनेशी थेट बोलत नसे. मला काही सांगायचं असलं की मामा ते आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगत. आत्याबाई घरात नसल्या तर भिंतीला सांगत. एकदा भिंतीजवळ शेळी बांधलेली होती, तर चहात साखर कमी पडल्याचं त्यांनी शेळीला सांगितलं. मीही मग डबा रिकामा झाल्याचं शेळीलाच कळवलं. लग्न झाल्यापासून आमचं दोघांचं असं बेस चाललं होतं.

त्या दिवशी मात्र मी आत गेले नाही, कारण टॉवेलाला रक्त लागलं होतं.

"आत्याबाई, मामांना म्हणावं, तोंड दाखवा."

"तिला म्हनावं, दावन्याजोगं काय न्हाई."

"त्यांना म्हणावं, मी दातांचीच डॉक्टर आहे."

"तिला म्हनावं, मला ठावं हाय."

आत्याबाईंची मान एकदा इकडं, एकदा तिकडं वळत होती. शेवटी मामा टॉवेल तसाच धरून गोठ्यात जाऊन बसले आणि बोलणं संपलं.

घडलं ते आम्हाला बाजारातून आलेल्या गड्याकडून कळलं. मामा हेड्या होते. हेड्या म्हणजे बैलबाजारात घेणारा आणि विकणारा यांच्या मधला माणूस. दोघांची गाठ घालून सौदा जमवणारा. बैलाचं वय त्याच्या दातांवरून कळतं, आणि माणदेशातल्या बाजारात दात बघायचे ते ज्योतिराम सजगण्यानंच, असा रिवाज पडला होता. मामांनी बैलाचा खालचा ओठ दाबला, आत नजर टाकली आणि "सहादाती" म्हटलं, की बैल सहादाती. मग बैलाच्या आईनं येऊन काही वेगळं सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. तर त्या सकाळी एका बुजऱ्या खोंडाचं तोंड उघडायला मामा वाकले आणि खोंडानं मान वर हिसडली. शिंग चुकलं, पण टाळकं मामांच्या तोंडावर बसलं. जन्मभर मामांनी बैलांचे दात मोजले; एका खोंडानं त्यांचा एकच मोजला, पण नीट मोजला.

आता माझं सांगते, म्हणजे माझा जीव त्या दातात का अडकला ते कळेल. मी सांगलीची, शिकून मुंबईहून डॉक्टर होऊन आलेली. नवरा धनाजी गावच्या हायस्कुलात मास्तर, म्हणून मी दवाखाना गावातच थाटला. बाजारपेठेत दोन खोल्या, बाहेर पाटी, आत मागंपुढं होणारी खुर्ची. उद्घाटनाला सगळा गाव आला, पेढे खाल्ले, खुर्चीत एकेकदा बसून बघितलं आणि पुन्हा फिरकला नाही. दात दुखला की लवंग धरायची आणि फारच दुखला की जुन्या कंपाउंडरकडून उपटून घ्यायचा, एवढंच लोकांना माहीत. दात वाचवायचा असतो हे मी सांगायला लागले की माणसं माझ्याकडं मोठ्या मायेनं बघत आणि उठून जात. पारावर तर चेष्टाच होती, की सजगण्यांच्या घरात सासरा बैलांचे दात बघतो आणि सून माशा.

पाडव्यापर्यंत दवाखाना उभा राहिला नाही तर खुर्ची विकायची, मी सांगलीला एका मोठ्या दवाखान्यात नोकरी धरायची आणि धनाजीनं शनिवार-रविवार एसटीनं यायचं, असं आमच्यात ठरलं होतं. धनाजी हे हसत बोलायचा, पण रात्री कूस बदलत राहायचा. मलाही तो संसार नको होता. त्यात आता ज्याच्या शब्दावर सगळा बाजार दातांचा हिशेब लावतो, त्या माणसाचाच पुढचा दात तुटला होता. तो माझ्या खुर्चीत वाचला तर दवाखाना वाचत होता. आणि घरात डॉक्टरीण सून असून मामांनी कंपाउंडरकडून उपटून आणला, तर मी पाटी उतरवून चुलीत घातलेली बरी.

संध्याकाळी मामांनी आत्याबाईंमार्फत निकाल कळवला. बुधवारच्या बाजाराला जाताना दात कंपाउंडरकडून काढून घ्यायचा. मी कारण विचारलं. ते टॉवेलाआडून आलं.

"तिला म्हनावं, बैलाला वरचं म्होरचं दात नसत्यातच. काय अडलंय त्येचं? कडबा खातो, नांगर वढतो, आन लोकं हजारांनी मोजून घेत्यात त्येला. वरचा दात म्हंजे नुसती शोभा."

यावर मुंबईच्या कॉलेजात मला काहीच शिकवलेलं नव्हतं. बैलाला वर पुढचे दात नसतात हेही मला त्या दिवशीच कळलं. धनाजीनं पुस्तकात तोंड खुपसलं. त्याचे खांदे हलत होते, त्यामुळं तो वाचत नाही हे दिसत होतं.

त्या रात्री मामांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आणि त्यातही त्यांना दोनदा थांबावं लागलं. थंड पाणी लागलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. आत्याबाई भांडी घासताना मला म्हणाल्या, की हा माणूस विंचू चावला तरी विंचवालाच दमात घेणारा, आणि आज पाणी पिताना कण्हतोय. मी म्हटलं, नस उघडी पडली असणार. पण बघितल्याशिवाय मी तरी काय सांगू? सुनेपुढं आ करून बसायला त्यांना लाज वाटते, त्याला माझा काय इलाज?

आत्याबाईंनी कढई पालथी घातली आणि जरा विचार केला. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण तीस वर्षं मामांना नांदवलं होतं.

"त्येंनी तुला बघायचं न्हाई, एवढंच हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग त्येंचं डोळं झाकू. तू बघ की तुला काय बघायचं त्ये."

असे मामा दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत बसले. मागच्या दारानं आले, डोळ्यांवरून टॉवेल बांधलेला, हात आत्याबाईंच्या हातात. खुर्ची मागं कलली तेव्हा त्यांनी आत्याबाईंना विचारलं, की ही कुठं निघाली. मग बऱ्याच मिनतवारीनं तोंड उघडलं.

दात मधोमध तिरका तुटला होता. आत लाल ठिपका दिसत होता, म्हणजे नस उघडी. दात थोडा हलत होता, पण फोटो काढला तर मूळ अख्खं निघालं. मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईंमार्फत बोलायचंही विसरले. मी म्हणाले की दात वाचतोय. आतली उघडी पडलेली नस काढायची, पोकळी भरायची, उरलेला दात बारीक घासायचा आणि वर दातासारखीच टोपी बसवायची. अगदी शेजारच्या दाताच्या रंगाची. मी म्हणाले, "अशी बसवीन की तोंडात नकली काही आहे हे कुणाच्या बापाला कळणार नाही."

मामांनी तोंड मिटलं. टॉवेल डोळ्यांवर तसाच ठेवून ते खुर्चीतून उतरले. चपला पायांनी चाचपल्या.

"तिला म्हनावं," ते म्हणाले, "ह्यो धंदा आमी करत न्हाई."

मला काही कळेना. घरी गेल्यावर आत्याबाईंनी समजावलं. बाजारात लबाड हेडे असतात. म्हाताऱ्या बैलाच्या दातांना रात्री कानस मारतात, शिंगं तासून तेल लावतात, पांढऱ्या केसांना काळं फासतात आणि सकाळी तरणा म्हणून गळ्यात मारतात. घेणाऱ्याला ते पहिल्या नांगरटीला कळतं. मामांनी जन्मात कधी असला बैल विकला नाही, आणि असल्या हेड्याच्या ओट्यावर ते पाणीही पीत नसत. आणि मी काय म्हणाले होते? दात घासते, वर खोटं बसवते आणि कुणाला कळू देत नाही. त्यांच्या हिशेबी मी त्यांना कानस मारलेला बैल करून बाजारात उभं करणार होते. पडलेला दात परवडला, त्यात निदान लबाडी नव्हती.

मी चिडले, हे कबूल करते. त्यांच्याच भल्याचं सांगत होते आणि मला लबाड ठरवून माणूस उठून गेला होता. मी धनाजीला म्हटलं, तुझे वडील आहेत, तूच सांग. धनाजीनं सांगून बघितलं. मामांनी त्याला एवढंच विचारलं, की मास्तर, तुझ्या शाळेत पोरानं बघून लिहिलं आणि कुणाला कळलं नाही, तर तू पास करतोस काय. धनाजी परत आला आणि म्हणाला, की या विषयात आपण नापास.

मधल्या दिवसांत मामांचे जोडीदार बापू शेंडगे येऊन गेले. हेही हेडेच, बाजारात मामांशी भांडायचे आणि चहाला मामांकडंच यायचे. त्यांनी ओसरीवर बसून मोठ्यानं सांगितलं, की पुसेगावच्या जत्रेत आता गंमत येणार, ज्योतिराम बैलाचा दात बघणार आणि बैल ज्योतिरामचा. मामा टॉवेलाआडून हसले असावेत, पण हसल्यावर कळ आली आणि बोलणं तिथंच राहिलं. जत्रा म्हणजे त्यांचं वर्षाचं नाक, आणि तिथं हा माणूस तोंड झाकून फिरणार होता.

मंगळवारी दुपारी एक गिऱ्हाईक बैल बघायला घरीच आलं. आमच्या दावणीला एक खिलारी बैल होता, दिसायला देखणा. मी जात्याजवळ डाळ निवडत होते. गिऱ्हाईक लांबचं होतं, बैलावर खूश झालेलं दिसत होतं, आता मामांनी नुसती मान हलवली असती तरी सौदा झाला असता. मामांनी टॉवेल जरा खाली केला आणि बोलायला लागले. म्हणाले, की आधी खोड ऐका. हा उन्हाचा बसतो. मोटारीचा हॉर्न वाजला की बुजतो. डाव्या खुराला मागं इजा झालेली, बरी आहे, पण चिखलात राहील की नाही सांगता येत नाही. एवढं ऐकून घ्यायचा असला तर घ्या, बैल मनाचा चांगला आहे.

मला वाटलं, आता हा माणूस उठून जाणार. तो उठला नाही. उलट सैल होऊन बसला, पान काढलं, आणि थोड्या वेळानं दोघांचे हात टॉवेलाखाली गेले. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली बोटं दाबून बोलतात. बैल संध्याकाळी गेला. जाताना तो माणूस मामांना म्हणाला, की खोड सांगणाऱ्याचा बैल डोळे झाकून न्यावा.

मी डाळीतले खडे तसेच टाकून उठले. मी काय केलं होतं? मी मामांपुढं नुसती तारीफ केली होती. रंग छान, टोपी छान, कुणाला कळणार नाही. एकही खोड सांगितली नव्हती. असल्या हेड्याचा बैल मामांनी घेतला असता का?

दिवेलागणीला मामा ओसरीवर होते, आत्याबाई वाती वळत होत्या. मी डोक्यावर पदर घेतला आणि आत्याबाईंशेजारी उभी राहिले.

"आत्याबाई, मामांना म्हणावं, त्या दाताच्या खोडी सांगायच्या राहिल्या होत्या."

मामांची मान जरा वळली.

मग मी सांगत गेले. एका दिवसात होणार नाही, पुन्हा पुन्हा यावं लागेल. भूल दिली तरी दुखेल. दात हलतो आहे, तो धरेल असं वाटतं, पण वचन देत नाही. धरला तरी आतून काळा पडू शकतो. टोपी निघू शकते. ऊस दातानं सोलायचा नाही, पेरू चावायचा नाही. इतकं सगळं करून वर्षभरानं सुजला तर शेवटी काढावाच लागेल. "आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे डॉक्टरीण नवी आहे," मी म्हणाले. "असे दात मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच केलेत. त्यातला एक बिघडला."

आत्याबाईंनी वातीवरचा हात थांबवला. इतकं लांबलचक सांगणं पोचवायचं कसं, हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. पण मामांनीच विचारलं.

"तिला इच्यार, काढला तर काय खोड?"

"काढला तर काही नाही," मी म्हणाले. "एका दिवसात मोकळे. शेजारचे दात हळूहळू मोकळ्या जागेत कलतील, एवढंच. पण मूळ अख्खं आहे, त्यांचं स्वतःचं आहे. एकदा काढलं की ते पुन्हा कुणाला बसवता येत नाही. मलाही नाही. म्हणून सांगते."

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग मामांकडं.

"तिला म्हनावं," मामा शेवटी म्हणाले, "उद्या बाजाराला जात न्हाई मी. सकाळी येतो."

"ऐकलंय तिनं," आत्याबाई म्हणाल्या. "म्या काय शेळी हाय व्हय, मधी बांधल्याली?"

पुढचे काही आठवडे आमचे मोठे गमतीचे गेले. मामा यायचे, डोळ्यांवर टॉवेल बांधून घ्यायचे आणि आत्याबाईंचा हात आणखी एका टॉवेलाखाली धरायचे. तोंडात माझी हत्यारं, बोलायची सोय नाही, त्यामुळं दुखलं की ते बाजारातल्यासारखी आत्याबाईंची बोटं दाबायचे. मी विचारायची, फार दुखतंय का. आत्याबाई टॉवेलाखालचा अंदाज घेऊन सांगायच्या, "दोनच बोटं दाबल्यात. घासाघीस करतोय नुसती. चालव तुझं." एकदा त्यांनी अख्खा पंजा आवळला, तेव्हा आत्याबाईच ओरडल्या आणि मी पुन्हा भूल दिली. मधल्या काळात मी हलणारा दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधून ठेवला होता. मामांनी त्याला दावं हे नाव दिलं आणि रोज सकाळी आत्याबाईंना सांगायचे, की दाव्याला बैल हाय अजून.

दात धरला. तार काढली त्या दिवशी मी तो दोन बोटांनी हलवून बघितला, तर हलेना. मला खुर्चीभोवती नाचावंसं वाटलं, पण आत्याबाई होत्या म्हणून हात धुतले.

टोपी सांगलीहून करून आणली. रंग जुळवायला मी सगळं कसब पणाला लावलं होतं. मामांचे दात तंबाखूनं जरा पिवळसर, म्हणून टोपीलाही तसाच पिवळेपणा. बसवली, वाळू दिली आणि आत्याबाईंनी त्यांना आरसा दिला. मी पाठ फिरवून उभी राहिले, म्हणजे त्यांना टॉवेल काढता येईल. मग आत्याबाईंनी विचारलं, की कुठला हो तुटलेला. मामांनाही सांगता येईना. त्यांनी नखानं एकेक दात वाजवून बघितला.

"तिला म्हनावं, काम लई बेस झालंय," ते म्हणाले. आवाज मात्र काळजीचा होता. "पर हे तर कुनालाच कळायचं न्हाई. आता मला समद्यास्नी सांगत बसावं लागंल."

मला वाटलं, हे बोलण्यापुरतं. पण मामांनी खरंच सांगायला सुरुवात केली. शेजाऱ्याला सांगितलं. पिठाच्या गिरणीत सांगितलं. बाजारात तर त्यांनी रीतच पाडली. बैलाच्या तोंडाला हात लावण्याआधी म्हणायचे, की पहिलं माझ्या तोंडाचं ऐका, वरचा पुढचा एक दात सुनेनं टोपी घालून दिलाय, खाली मूळ माझं हाय, आता बैलाचं बघू. घेणारा बुचकळ्यात पडायचा. विकणाऱ्याला घाई असायची. पण ते ऐकल्याशिवाय मामा पुढं सरकत नसत. धनाजी म्हणाला, की दवाखान्याची एवढी जाहिरात कुणी केली नसती, फक्त ऐकणारे सगळे बैल घ्यायला आलेले असतात. खरंच होतं ते. लोक ऐकत, हसत, आणि माझी खुर्ची रिकामीच राही. पाडवा काही लांब नव्हता.

जत्रेला आत्याबाई मला घेऊन पुसेगावला गेल्या. दर्शन झालं, बांगड्या भरून झाल्या, आणि आत्याबाईंना बैलबाजार बघायची हुक्की आली. धुरळा, गोंडे, घुंगरं, रंगवलेली शिंगं, आणि मधोमध माणसांचं एक कोंडाळं. कोंडाळ्याच्या आत मामा आणि बापू शेंडगे भांडत होते.

बापूंचं म्हणणं असं, की ज्योतिराम थापा मारतो. तो दात खराच आहे, कधी तुटलाच नव्हता, सुनेचा धंदा चालावा म्हणून हा गावभर खोटं सांगत फिरतोय. मामा सगळं सहन करतील, पण खोटारडा म्हटलेलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"बघ मग," मामा म्हणाले. "तू बी हेड्याच हाईस न्हवं? बघ."

आणि त्यांनी भर बाजारात आ केला. बापूंनी धोतराला हात पुसला, मामांचा वरचा ओठ बोटानं उचलला आणि वाकून आत बघायला लागले. कोंडाळं जवळ सरकलं. आम्हीही रेट्याबरोबर पुढं आलो, आणि मामांची नजर माझ्यावर पडली.

डोळ्यांवर टॉवेल नव्हता. सून समोर, सासऱ्याचं तोंड उघडं, त्यात परक्याचं बोट. माझा हात पदराकडं गेला. मला वाटलं, आता हे तोंड मिटणार आणि घरी गेल्यावर महिनाभर शेळीशीही बोलणार नाहीत.

मामांनी तोंड मिटलं नाही. माझ्याकडं बघत तसेच उभे राहिले. बापूंचं बघून झालं, त्यांनी बोट काढलं आणि जाहीर केलं की दात खरा आहे, टोपीबिपी काही नाही.

"सूनबाई," मामा म्हणाले. "सांग ह्येला."

आत्याबाईंनी माझ्या दंडाला धरलं होतं, तो हात घट्ट झाला. लग्न झाल्यापासून मामांनी माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. घरात नाही, चार भिंतींत नाही, तर सगळ्या माणदेशाच्या समोर. माझे डोळे भरून आले आणि धुरळ्यावर ढकलायची सोय होती म्हणून मी ते पुसले.

"मूळ मामांचंच आहे," मी म्हणाले. "वरची टोपी माझी. किती वर्षं टिकेल सांगता येत नाही. कदाचित पुढं काढावाही लागेल."

कोंडाळ्यात कुणीतरी हसलं. मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो गप्प झाला.

"हसू नगंस," ते म्हणाले. "खोड सांगून देती माझी सून. तुझ्यात हाय का कुनी आसं?"

बापू काहीतरी पुटपुटले आणि बोलता बोलता त्यांनी गाल धरला. मामांनी ते टिपलं. त्यांची नजर अशा गोष्टी सोडत नसे. चार दिवसांपासून दाढ ठणकतेय, हे बापूंनी त्यांनाच सांगितलं होतं म्हणे. बापू नाही नाही म्हणत मागं सरकले, पण मागं माणसं होती. मामांनी डाव्या हातानं त्यांची मान धरली, उजव्या हाताचा अंगठा खालच्या ओठावर दाबला आणि जन्माची सवय असल्यासारखा जबडा उघडला.

"ये हिकडं," मामा मला म्हणाले. "बघ."

मी पदर कमरेला खोचला आणि मामांच्या खांद्याला खांदा लावून वाकले. दोघं मिळून एकाच तोंडात बघत होतो. मामांनी जबडा उन्हाकडं वळवून दिला. मागची दाढ पार पोखरून गेली होती, नुसत्या भिंती उरल्या होत्या. मी हिरडी दाबली तेव्हा बापू टाचांवर उभे राहिले.

"वाचंल का?" मामांनी मला विचारलं.

माझ्या मनात सगळं एकदम आलं. पाडवा, रिकामी खुर्ची, भोवती उभी असलेली ही सगळी माणसं. वाचेल म्हटलं असतं तर काय बहार झाली असती.

"नाही मामा," मी म्हणाले. "ही काढावी लागेल."

"झालं तर," मामा म्हणाले. "उद्या सकाळी येतो आमी दोघं."

बापूंना यावर काही बोलता आलं नाही, कारण मामांनी जबडा अजून सोडला नव्हता.